शक्यतांचे कारकून

गाणं कसं आहे, असं युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या कट्टर चाहत्याला एकदा विचारून पाहा. तो ते कितवं येईल हे सांगेल. कुठल्या उपांत्य फेरीत आहे, कितव्या क्रमांकावर गायचंय, आधीचं गाणं संथ आहे की उडत्या चालीचं, शेजारी देश त्याच फेरीत आहेत का, बुकींकडे आज भाव काय चाललाय, हे सगळं त्याच्या जिभेवर असतं. आता चाल गुणगुणायला सांगा. साहेब घसा खाकरतात आणि विषय बदलतात.

या जमातीबद्दल मला आकस आहे आणि तो मी लपवत नाही. युरोपात रात्री नऊला सुरू होणारी ही स्पर्धा आपल्याकडे साडेबाराला सुरू होते. अंतिम फेरीचे गुण मोजून होईपर्यंत पहाट होते. इतकं जागून पदरात फक्त आकडेच पाडून घ्यायचे असतील, तर दहाला झोपावं आणि सकाळी चहाबरोबर निकाल वाचावा. डोळ्यांचं तरी कल्याण होईल. पण नाही. याला जागायचं असतं, जागून आपलं भाकीत खरं ठरताना बघायचं असतं, आणि मधे जे काही गातात ते लोक म्हणजे त्याच्या भाकिताला लागलेली फोडणी.

या कारकुनीचा सर्वांत निर्लज्ज नमुना मी पाहिला तो २०१५ साली व्हिएन्नात. चेक प्रजासत्ताक सहा वर्षांनी स्पर्धेत परतलं होतं आणि त्यांनी एक युगुलगीत पाठवलं होतं, ‘होप नेव्हर डाइज’. गाणाऱ्यांची नावं मुद्दाम सांगतो, कारण चर्चेत ती फारशी येतच नसत. तिथे नुसतं ‘चेक’ असायचं, आणि ‘चेक’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: संधी नाही.

गायिका मार्ता यांडोव्हा. प्रागची. तिचे वडील पेट्र यांडा म्हणजे ‘ऑलिंपिक’ या बँडचे म्होरके, चेक रॉकमधलं बुजुर्ग नाव. वडिलांच्या सावलीत न राहता ही मुलगी जर्मनीत गेली आणि उल्म शहरात उभ्या राहिलेल्या ‘डाय हॅपी’ या रॉक बँडची गायिका झाली. २००७ साली ‘ऊम्फ’ या जर्मन बँडबरोबर ती बुंडेसव्हिजन स्पर्धेत गायली. जर्मनीतली राज्यं एकमेकांविरुद्ध गाणी पाठवत अशी ती स्पर्धा, आणि ती या मंडळींनी जिंकली. म्हणजे पुरुष गायकाबरोबर गाऊन, लोकांच्या मतांवर, टीव्हीवरची स्पर्धा जिंकलेली बाई व्हिएन्नात उभी होती. तिच्या जोडीला वात्स्लाव नोईड बार्टा, प्रागच्या संगीतिकांमध्ये कसलेला गायक नट. गाण्याचं संगीतही त्याचंच. बाहेरच्या देशातून गाणं विकत आणून त्यावर आपला झेंडा लावायची पद्धत या स्पर्धेत चांगली रुळलेली आहे. २०११ साली अझरबैजान युगुलगीत गाऊन जिंकलं तेव्हा त्या गाण्यामागे स्वीडनची लेखणी होती. चेक गाणं निदान घरचं होतं.

यातलं काय चर्चेत होतं? काहीही नव्हतं. चर्चा होती ती २००७, २००८ आणि २००९ची.

तो हिशोब खरोखर लाजिरवाणा आहे, हे कबूल करायला माझी हरकत नाही. २००७ साली हेलसिंकीला ‘काबात’ गेले. चेक देशात मैदानं भरवणारा बँड, गाणं चेक भाषेत, गुण एक. अठ्ठावीस गाण्यांत अठ्ठाविसावे. पुढच्या वर्षी तेरेझा केर्न्डलोव्हा, नऊ गुण, एकोणीस जणांत अठरावी. त्याच्या पुढच्या वर्षी मॉस्कोत ‘जिप्सी डॉट सीझेड’ हा रोमा कलाकारांचा गट, गुण शून्य. तीन वर्षांची कमाई मिळून दहा गुण, आणि मग चेक टेलिव्हिजनने गाशा गुंडाळला.

पण या तीन निकालांचा मार्ता यांडोव्हाच्या गळ्याशी काय संबंध? काबातच्या गिटारवाल्याने हेलसिंकीत काय वाजवलं त्यावर व्हिएन्नातला सूर ठरतो का? आमचे गल्लीतले कुडमुडे जोशी निदान समोरच्याचा हात तरी हातात घेतात. हे महाभाग शेजारच्या खोलीतल्या माणसाची पत्रिका बघून याचं मरण सांगतात.

शेजारमतांचा सिद्धांत तर मला पाठ झालाय. ग्रीस सायप्रसला देतो, सायप्रस ग्रीसला देतो, नॉर्डिक देश आपापसांत वाटून घेतात, बाल्कनवाले एकमेकांना धरून असतात, आणि बिचाऱ्या चेकांना कुणी नाही. यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. ग्रीस आणि सायप्रसकडे नुसतं बघितलं तरी पुरे. पण सिद्धांत मांडणाऱ्याने आपल्या उदाहरणाची चौकशी तरी करावी. चेकांचा सख्खा भाऊ स्लोव्हाकिया. १९९३ साली एका घराची दोन घरं झाली, भाषा अजून एकमेकांना दुभाष्याशिवाय कळतात. तो भाऊ २००७ आणि २००८ साली स्पर्धेत नव्हताच. २००९ साली आला, तोही युगुलगीत घेऊन, पण त्याला दुसऱ्या उपांत्य फेरीत टाकलं आणि चेकांना पहिल्या. ज्या फेरीत तुम्ही आहात तिथेच मत देता येतं, त्यामुळे ते मतही गेलं. २०१२ नंतर स्लोव्हाकिया पुन्हा बाहेर, तो अजून परतलेला नाही. म्हणजे शेजारमतांचा प्रयोग या दोन देशांवर कधी झालेलाच नाही. तरी निष्कर्ष तयार! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

आणि व्हिएन्नात चेकांच्याच उपांत्य फेरीत लाटव्हिया बसला होता, हे मला फार आवडतं. लाटव्हिया २००८ नंतर एकदाही अंतिम फेरीत पोचला नव्हता. लिथुआनिया आणि एस्टोनिया हे शेजारी त्या सगळ्या वर्षांत जिथल्या तिथे होते, त्यांनी काही देश हलवले नव्हते. २०१५ला अमिनाता नावाची मुलगी ‘लव्ह इंजेक्टेड’ गायली आणि उपांत्य फेरीत स्वीडनच्या पाठोपाठ दुसरी आली, १५५ गुण. अंतिम फेरीत सहावी. गाणं विचित्र होतं, मधूनच तुटणारं, कान टवकारायला लावणारं. लाटव्हियाचा मागचा हिशोब त्या तीन मिनिटांत कुणाला आठवला असेल असं मला वाटत नाही.

आता युगुलगीतांच्या पुराविषयी. इथे चाहत्यांची तक्रार होती की यंदा जोड्याच जोड्या आहेत, चेक जोडी त्यात हरवणार. खरं होतं ते. त्या उपांत्य फेरीत पहिल्या क्रमांकाला लिथुआनियाची जोडी, गाण्याच्या मधोमध थांबून चुंबन घेणारी. तिसऱ्याला सान मारिनोची पोरगेली जोडी. सहाव्याला नॉर्वेची, जी माझ्या मते त्या वर्षीची सर्वांत गंभीर जोडी होती. आठव्याला चेक. पलीकडच्या उपांत्य फेरीत एस्टोनियाची आणखी एक, आणि थेट अंतिम फेरीत ब्रिटनची. आठ गाण्यांत चार जोड्या म्हणजे लग्नाच्या मोसमातलं मंगल कार्यालय झालं.

पण हा पूर आला कुठून, हे कुणी विचारलं नाही. आदल्या वर्षी कोपनहेगनला नेदरलँड्सचे ‘कॉमन लिनेट्स’ दोघं एकमेकांसमोर उभे राहून हळू आवाजात गायले आणि दुसरे आले. झालं. युरोपभरच्या टीव्ही कचेऱ्यांत कुणीतरी वहीत लिहून घेतलं असणार: जोडी चालते. चाहते ज्याला चर्चा म्हणतात ती हीच विचारपद्धत, फक्त कचेरीतल्या माणसाला तिचा पगार मिळतो. गेल्या साली काय चाललं ते बघायचं, यंदा तेच करायचं, आणि सगळ्यांनी तेच केलं की मग कपाळावर हात मारायचा. पुराची तक्रार करणारा चाहता स्वतः त्या पुरात बादली ओतून आलेला असतो.

चेक गाण्याचं काय झालं तेही सांगतो, आणि इथे मी त्या जोडीला झुकतं माप देणार नाही. दोघंही रॉकचे गळे. मार्ताने वीसेक वर्षं गिटारच्या भिंतीपुढे उभं राहून आवाज काढलेला, बार्टाला रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय. अशा दोघांना एका घरंदाज, आशावादी, इंग्रजी बॅलडमध्ये बसवलं. हळू सुरुवात, मग चढत जाणं, मग दोघांनी मिळून छप्पर उडवणं. सूर पक्का, मेहनत दिसते, दोष काढायला जागा नाही. आणि हाच त्या गाण्याचा दोष. कुणालाच राग येऊ नये अशा बेताने ते रचलेलं होतं.

या स्पर्धेत राग न येणं परवडत नाही. तिथले गुण कसे पडतात ते नीट बघा. प्रत्येक देश आपल्या पहिल्या दहा गाण्यांनाच गुण देतो: बारा, दहा, मग आठपासून एकपर्यंत. अकराव्याला शून्य. सतराव्यालाही शून्यच. समजा सगळ्या देशांतल्या सगळ्या लोकांना तुमचं गाणं बरं वाटलं, अकराव्या क्रमांकाचं बरं. तुमच्या हातात काही पडत नाही. उलट निम्म्या देशांनी तुम्हाला शिव्या घातल्या आणि उरलेल्यांनी डोक्यावर घेतलं, तर तुम्ही आरामात पुढे जाता. म्हणून ‘हे गाणं सुरक्षित आहे’ असं जेव्हा एखादा चाहता शहाण्यासारखा मान हलवत म्हणतो तेव्हा त्याला नियमच कळलेले नसतात. सुरक्षित गाण्याइतकं धोक्यातलं गाणं दुसरं नाही.

चेकांना ३३ गुण मिळाले. सतरा देशांत तेरावा क्रमांक. दहावं आलेल्या अझरबैजानला ५३ होते, म्हणजे दार वीस गुणांनी हुकलं. चाहत्यांनी लगेच कॉलर ताठ केली: बघा, आम्ही म्हणालो होतो.

म्हणालात, बरोबर. पण काय म्हणालात? सतरापैकी सात जण बाहेर पडणारच असतात. ज्या देशाने तीन वर्षांत दहा गुण मिळवलेत तो त्या सातांत असेल, हे सांगायला अक्कल लागत नाही, आकडेवारी पुरते. मला विचाराल तर खरी बातमी वेगळी होती. तीन वर्षांत जे जमलं नव्हतं त्याच्या तिपटीहून जास्त या दोघांनी एका रात्रीत मिळवलं. स्वित्झर्लंडला चार गुण होते, आइसलँडला चौदा, पोर्तुगालला एकोणीस. हे सगळे जुने, मानाचे पाहुणे चेकांच्या खाली होते. हे भाकीत कुणी केलं होतं? पण बाद म्हणजे बाद. कारकुनाच्या वहीत एकच रकाना असतो.

आणि चुकलेल्या भाकितांची वही मात्र कुणी ठेवत नाही. चाहत्यांच्या क्लबांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ओगाए, १९८४ साली फिनलंडमध्ये स्थापन झालेली. ते दर वर्षी स्पर्धेआधी आपलं मतदान घेतात. २०११ साली त्यांनी हंगेरीच्या काटी वोल्फला पहिली ठरवली. खुद्द स्पर्धेत ती बाविसावी आली. २०१७ साली इटलीचा फ्रान्चेस्को गाब्बानी महिनोन्‌महिने बुकींचा लाडका होता, रंगमंचावर माकडाच्या पोशाखातला नर्तक घेऊन आला, आणि सहावा आला. जिंकला पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल, ढगळ कोटात, आपल्या भाषेत, हात वेडेवाकडे हलवत, जवळजवळ कुजबुजत. इंग्रजीत गा, झगमगाट आणा, हा चाहत्यांचा वर्षानुवर्षांचा सल्ला त्याने तीन मिनिटांत निकालात काढला. दुसऱ्या दिवशी त्याच तोंडांनी सांगितलं की साधेपणाची लाट येणार हे दिसतच होतं.

बुकींच्या भावाचं तर पवित्र तीर्थ झालंय. भाव ठरतो कशाने? लावलेल्या पैशाने. पैसे लावतं कोण? बव्हंशी हेच चाहते. म्हणजे आपणच बाजारात पैसे टाकायचे, भाव हलला की तो पुरावा म्हणून दाखवायचा, आणि पुरावा पाहून दुसऱ्याने आणखी पैसे टाकायचे. स्वतःच्या सहीची स्वतःच खातरजमा करण्याचा हा प्रकार मी फक्त काही सहकारी संस्थांच्या वार्षिक सभेत पाहिलाय.

क्रमांकाची अंधश्रद्धाही सांगून टाकतो. अंतिम फेरीत दुसऱ्या क्रमांकावर गाऊन आजवर कुणी जिंकलेलं नाही, हे खरं आहे. त्यावरून ती जागा शापित ठरली. पण २०१३पासून कोण कितव्या जागी गाणार हे निर्माते ठरवतात. ज्या गाण्याची त्यांना पर्वा नाही ते गाणं दुसऱ्या जागी ठेवतात, ते हरतं, आणि शाप पुढच्या वर्षासाठी ताजा होतो. चेक जोडी आठवी गायली आणि लगेच मागून इस्रायलचा सोळा वर्षांचा पोरगा नाचत आला, त्याने सभागृह उचललं. हे नुकसान खरं असेल. पण ते नशिबाने केलं नव्हतं, निर्मात्याच्या टेबलावर झालं होतं, आणि त्या टेबलाबद्दल चाहते जितकं कमी बोलतात तितकं कमी दुसऱ्या कशाबद्दलही बोलत नाहीत.

व्हिएन्नाचाच विषय निघालाय म्हणून एक आठवण काढतो. चेक गायक युरोव्हिजनमध्ये २००७च्या कितीतरी आधी येऊन गेला होता. १९६८च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कारेल गॉट गायला, आणि तोही ऑस्ट्रियाच्या वतीने, कारण त्याचा स्वतःचा देश या स्पर्धेत नव्हताच, तो पोलादी पडद्याच्या पलीकडे होता. गाणं उडो युर्गेन्सचं. मिळाले दोन गुण, क्रमांक तेरावा. चार महिन्यांनी प्रागमध्ये रणगाडे शिरले. आजच्या चाहत्याने त्या संध्याकाळी गॉटच्या नावापुढे फुली मारली असती आणि पुढच्या गाण्याकडे वळला असता. या दोन गुणांच्या माणसाला त्यानंतर पन्नास वर्षं त्याच्या देशाने डोक्यावर घेतलं, आणि २०१९ साली तो गेला तेव्हा सरकारने राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला.

यावर चाहत्यांचं उत्तर मला माहीत आहे. तू फार गंभीर होतोस, ही गंमत आहे, स्पर्धा आहे म्हटल्यावर कोण जिंकणार याची चर्चा होणारच. होऊ द्या की. क्रिकेटच्या सामन्याआधी आपणही कोण जिंकणार यावर पैजा मारतो. पण आपल्या पैजेवरून संघ निवडला जात नाही. इथे निवडला जातो. चाहत्यांची मतदानं, तालमींवरचे शेरे, भावांचे तक्ते हे सगळं त्या त्या देशाची पथकं वाचत असतात. मग कपडे बदलतात, कॅमेऱ्याचे कोन बदलतात, पुढच्या वर्षी गाणं निवडताना ‘आपल्याला काय म्हणायचंय’ याऐवजी ‘काय चालतं’ एवढंच विचारलं जातं. शक्यतेची चर्चा गाण्यानंतर आली तर करमणूक, गाण्याच्या आधी आली तर घात. चेकांच्या त्या बॅलडमध्ये मला त्या आधी आलेल्या चर्चेचा वास येतो.

पुढची वर्षं या सिद्धांतवाद्यांना आणखी अवघड गेली. २०१६ला गाब्रिएला गुन्चीकोव्हा, चेकांची पहिलीच अंतिम फेरी. तिला ४१ गुण मिळाले, सगळे परीक्षकांचे. प्रेक्षकांकडून शून्य. २०१८ला लिस्बनमध्ये मिकोलास योसेफ तालमीत कोलांटी मारताना पाठीला इजा करून रुग्णालयात गेला, परत आला, पाठीवर दप्तर टाकून ‘लाय टू मी’ गायला आणि सहावा आला, २८१ गुण. यातले २१५ प्रेक्षकांचे. एकच देश, तेच शेजारी, तीच स्लोव्हाकियाची गैरहजेरी. दोन वर्षांच्या अंतराने प्रेक्षकांचे शून्याचे दोनशे पंधरा झाले. शेजारमतांचा सिद्धांत इथे कुठे बसवायचा ते त्यांनीच सांगावं. २०२३ला ‘वेस्ना’ या सहा मुली लांब वेण्या घालून आल्या, गाण्यात चेक भाषा, युक्रेनियन, बल्गेरियन सगळं घेऊन आल्या, आणि दहाव्या आल्या. काबातला जी भाषा नडली असं सोळा वर्षं सांगितलं जात होतं, ती इथे कुणालाच नडली नाही.

आणि मग २०२५, बाझेल. गायक आडाम पाव्लोव्चिन, जन्माने स्लोव्हाक, गाणं ‘किस किस गुडबाय’. या वेळी मात्र चाहत्यांनी चेकांना उचलून धरलं होतं. हा नक्की जाणार, प्रश्न फक्त कितवा येतो याचा, असं चाललं होतं. तो उपांत्य फेरीतच बाहेर पडला. सकाळ व्हायच्या आत कारणं तयार होती. उपांत्य फेरीत २०२३पासून तेव्हापर्यंत परीक्षकांची मतं धरत नव्हते, सगळं प्रेक्षकांवर होतं, परीक्षक असते तर तो सहज गेला असता. असेल तसंही. मी त्यांच्यातल्या एकाला विचारलं की गाण्यात शेवटी तो आवाज कुठल्या कुठे नेतो ते ऐकलंस का. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण त्या फेरीत त्याला मतं देणारे देश कोणते होते ते आधी बघ.